देशांची संविधाने आणि आपला गोवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा इथल्या वाचनालयांत आणि शाळांत मी संविधानावर बोलायला जातो. बोलणे संपले की चिठ्ठ्या हातात येतात, आणि घरी पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर आणखी चार प्रश्न आलेले असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे.

१. घटना, राज्यघटना आणि संविधान हे तीन वेगळे आहेत का? आणि साध्या कायद्याहून त्यात वेगळे काय?

तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे. बोलताना आपण 'घटना' म्हणतो, शाळेच्या पुस्तकात 'संविधान' छापलेले असते. तसेच 'कलम' आणि 'अनुच्छेद' हेही एकच.

फरक उदाहरणाने सांगतो. हेल्मेट घातले नाही म्हणून तुम्हाला दंड झाला, तो कायद्याने. पण असा कायदा करायचा अधिकार संसदेला कोणी दिला? पोलिसाने पावती न देता पैसे मागितले तर दाद कुठे मागायची? त्या न्यायालयाला मंत्री हुकूम का सोडू शकत नाही? या प्रश्नांची उत्तरे संविधानात असतात.

कोणत्याही देशाचे संविधान हातात घेतले की मी तीन गोष्टी शोधतो. सत्ता कोणाकडे आहे, तिला कोण अडवू शकतो, आणि हे पुस्तक बदलायचा हक्क कोणाला आहे. प्रकारांची मोठी मोठी नावे नंतर शिकली तरी चालतात. पुढची बरीचशी उत्तरे या तीन गोष्टींभोवतीच आहेत.

२. माझा मुलगा स्विंडनला असतो. इंग्लंडला संविधानच नाही म्हणतात. मग तिथे त्याच्या हक्कांचे काय?

संविधान आहे, पण ते एका पुस्तकात बांधलेले नाही. १२१५ चा मॅग्ना कार्टा, १६८९ चे बिल ऑफ राइट्स, १९११ आणि १९४९ चे संसदविषयक कायदे, १९९८ चा मानवी हक्क कायदा, न्यायालयांचे निकाल आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले संकेत, हे सगळे मिळून ब्रिटनचे संविधान होते. न्यूझीलंडचीही रीत साधारण अशीच. इस्रायलमध्ये 'मूलभूत कायदे' आहेत, पण सगळे एका जागी आणणारा दस्तऐवज नाही. पाठ्यपुस्तकात याला 'अलिखित संविधान' म्हणतात. तो शब्द मला पटत नाही, कारण यातले बरेचसे लिहिलेलेच आहे. 'विखुरलेले' म्हटले तर जास्त बरोबर होईल.

तुमच्या मुलाला न्यायालयात जाता येते. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी संसद तहकूब ठेवली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ती तहकुबी बेकायदा ठरवली. मात्र संसदेने रीतसर केलेला कायदा तिथले न्यायालय रद्द करू शकत नाही, तो मानवी हक्कांशी विसंगत आहे एवढेच जाहीर करू शकते. आपल्याकडे न्यायालय कायदाच रद्द ठरवते. सर्वांत मोठा फरक हाच.

३. आपले संविधान एवढे जाड का?

१९४९ मध्ये स्वीकारले तेव्हाच त्यात ३९५ अनुच्छेद आणि ८ परिशिष्टे होती. आता परिशिष्टे १२ आहेत. अमेरिकेच्या मूळ संविधानात अनुच्छेद फक्त ७. तिथे प्रत्येक घटकराज्याचे आपले वेगळे संविधान असते. आपण केंद्र, राज्ये, पंचायती, निवडणूक आयोग, लोकसेवा आयोग, सगळ्यांची व्यवस्था एकाच पुस्तकात लावली. म्हणून ते वाढले.

४. लवचीक आणि ताठर संविधान म्हणजे काय? परीक्षेत नेहमी विचारतात.

साध्या कायद्यासारखे साध्या बहुमताने बदलता येते ते लवचीक, उदाहरणार्थ ब्रिटनचे. बदलायला वेगळी, अवघड वाट लागते ते ताठर. पुस्तकात 'परिदृढ' असाही शब्द सापडेल. अमेरिकेत दुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. आजवर २७ दुरुस्त्या झाल्या, आणि त्यांतली २७ वी १७८९ मध्ये मांडलेली १९९२ मध्ये मंजूर झाली! ऑस्ट्रेलियात सार्वमत घ्यावे लागते. ४५ प्रस्तावांपैकी ८ संमत झाले. जपानचे १९४७ चे संविधान आजवर एकदाही बदललेले नाही.

भारताच्या तीन वाटा आहेत. काही गोष्टी साध्या बहुमताने होतात (पहा प्रश्न १४). बहुतेक दुरुस्त्यांना अनुच्छेद ३६८ खालचे विशेष बहुमत लागते, म्हणजे हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यांचे बहुमत. आणि राज्यांच्या अधिकारांना हात लागत असेल तर निम्म्या राज्यांच्या विधानसभांचीही संमती घ्यावी लागते. जीएसटीसाठी २०१६ मध्ये जी १०१ वी दुरुस्ती झाली ती या तिसऱ्या वाटेने. परीक्षेत 'भारताचे संविधान दोहोंचे मिश्रण' असे लिहिले तर गुण मिळतात, पण या तीन वाटा उदाहरणासह लिहिणाऱ्याला विषय समजलेला असतो.

५. पोर्तुगिजांच्या वेळी गोव्याला संविधान होते का?

होते, आणि एक नव्हे, अनेक. १८२२ चे पहिले पोर्तुगीज संविधान आले तेव्हा गोव्यातून तीन प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेसाठी निवडले गेले. त्यांतले बर्नार्दु पेरेस द सिल्वा हे मूळ गोंयकार पुढे १८३५ मध्ये गोव्याच्या कारभाराचे प्रमुख झाले, पण काही दिवसांतच त्यांना पदावरून हुसकावले गेले. त्यानंतर १८२६ ची सनद, १८३८, १९११, १९३३ अशी संविधाने बदलत गेली.

यांतले १९११ चे आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावे. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, चर्च आणि शासन वेगळे झाले, आणि गोव्यातल्या हिंदूंना धर्मस्वातंत्र्य व सरकारी नोकऱ्यांचे दार उघडले. गावोगाव मराठी शाळा, वाचनालये, नाट्यमंडळे यांना जी उभारी आली ती याच काळातली. दूरच्या एका राजधानीत संविधान बदलले की इथल्या वाड्यावर काय बदलते, हे आपल्या पणजोबांनी डोळ्यांनी पाहिले.

मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे १९३३ चे संविधान आले. त्याच्या आठव्या अनुच्छेदात विचारस्वातंत्र्य होते, सभास्वातंत्र्यही होते. पण त्याच अनुच्छेदात पुढे लिहिले होते की या स्वातंत्र्यांचा वापर विशेष कायद्यांनी नियंत्रित केला जाईल. ते संविधान संमत करताना जे मतदानाला आले नाहीत त्यांचीही मते बाजूने धरली गेली. वसाहतींसाठी १९३० चा वेगळा 'आक्तु कोलोनियाल' म्हणजे वसाहत कायदा होता. १९५१ मध्ये वसाहतींचे नाव बदलून 'सागरापलीकडचे प्रांत' केले. जाच तोच राहिला.

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक जुनी लग्नपत्रिका आहे. वर 'श्री गजानन प्रसन्न', खाली वधूवरांची नावे, गोरज मुहूर्त, आणि कोपऱ्यात निळ्या शाईचा शिक्का: 'व्हिझादु पेला सेन्सुरा'. म्हणजे सेन्सॉरने तपासले. लग्नाचे आवतणसुद्धा तपासून घ्यावे लागे. मी मुलांना आधी ती पत्रिका दाखवतो, मग आठवा अनुच्छेद वाचून दाखवतो. मुलगे-मुली गप्प होतात. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राम मनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली ती याच नागरी स्वातंत्र्यासाठी, आणि त्यांना तिथेच अटक झाली. हक्क कागदावर होता. सरकारला अडवणारे कोणी नव्हते.

६. घटना समितीत गोव्याचा कोणीच नव्हता. मग हे संविधान आपले कसे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे, आणि तो रागाने विचारला गेला तरी मला आवडतो.

खरे आहे, नव्हता. घटना समिती ९ डिसेंबर १९४६ ला पहिल्यांदा बसली, २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारले गेले, आणि त्या सगळ्या काळात आपण पोर्तुगिजांखाली होतो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या १२ व्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश म्हणून पहिल्या परिशिष्टात आला, आणि हा बदल २० डिसेंबर १९६१ पासून लागू धरला गेला.

पण आपलेपण फक्त लिहिताना हजर असण्याने येत नाही. अमेरिकेचे संविधान १७८७ मध्ये लिहिले तेव्हा त्या खोलीत एकही स्त्री नव्हती, एकही गुलाम नव्हता. पुढे त्याच संविधानाच्या आधाराने त्यांच्या वंशजांनी हक्क मिळवले. गोव्यात डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली आणि प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळाले. जमीनदाराचे एक मत, त्याच्या मुंडकाराचेही, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचेही, एकच मत. पोर्तुगिजांच्या एवढ्या संविधानांपैकी एकानेही हे दिले नव्हते. माझ्यापुरते उत्तर तिथे मिळते. तुम्हाला ते पुरेसे वाटले नाही तर वाद घाला, मी तयार आहे.

७. १९६७ चा जनमत कौल संविधानाच्या कुठल्या कलमाखाली घेतला?

कुठल्याही नाही. भारताच्या संविधानात सार्वमताची तरतूदच नाही. संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित राहणे. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली, फरक ३४,०२१ चा.

आमच्या घरात आजोबा फुलाकडे आणि त्यांचे धाकटे भाऊ दोन पानांकडे होते. दोघे महिनाभर एकाच पंगतीला बसून एकमेकांशी बोलत नव्हते, असे आजी सांगायची. निकाल लागल्यावर आजोबांनी आपणहून हाक मारली. कौल मनाला लागला, पण मानला गेला. स्वित्झर्लंडमध्ये घटनादुरुस्ती लोकांच्या आणि कँटनांच्या (तिथल्या घटकराज्यांच्या) अशा दुहेरी बहुमताशिवाय होतच नाही, तिथे असा कौल दर वर्षीचा. आपल्या गोव्यात तो एकदाच आला.

८. भारत संघराज्य आहे की एकात्म राज्य?

अनुच्छेद १ म्हणतो की भारत हा 'राज्यांचा संघ' असेल. अधिकार सातव्या परिशिष्टात तीन याद्यांत वाटलेले आहेत, म्हणून रचना संघराज्याची. पण केंद्राचे पारडे जड आहे. अमेरिकेत किंवा जर्मनीत घटकराज्यांचा हात आपल्यापेक्षा बळकट. उलट पोर्तुगाल आजही एकात्म राज्य आहे, तरी अझोरेस आणि मादेइरा या बेटांना स्वतःच्या विधानसभा आहेत. त्यामुळे नावावर जाऊ नये, अधिकार कोणाचे ते पाहावे.

म्हादई नदीच्या पाण्याचे घ्या. पाणी हा विषय राज्यसूचीत १७ व्या नोंदीला आहे. पण आंतरराज्य नद्यांची ५६ वी नोंद केंद्रसूचीत आहे, आणि अशा तंट्यांसाठी अनुच्छेद २६२. म्हणून गोवा आणि कर्नाटक आपापल्या विधानसभेत ठराव करून हा वाद मिटवू शकत नाहीत. २०१० मध्ये लवाद नेमला, २०१८ मध्ये त्याने निवाडा दिला, आणि भांडण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. सत्तरीतल्या शेतकऱ्याला 'संघराज्य' हा शब्द समजावायचा तर याच्याइतके दुसरे जिवंत उदाहरण नाही.

९. संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीत फरक काय?

संसदीय पद्धतीत सरकार सभागृहाच्या विश्वासावर टिकते. भारत, ब्रिटन आणि जपान या गटात. अध्यक्षीय पद्धतीत अध्यक्ष वेगळा निवडला जातो आणि ठरलेली मुदत पुरी करतो; अमेरिका, ब्राझील. फ्रान्स (१९६२ पासून) आणि पोर्तुगाल (१९७६ पासून) मधल्या वाटेचे: लोकांनी निवडलेला अध्यक्ष आहे आणि संसदेला जबाबदार पंतप्रधानही.

१०. गोव्याचा समान नागरी कायदा संविधानाने दिला आहे ना?

नाही. लग्नाआधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे आपण ज्या दोन सह्या करतो, नवराबायकोचा मालमत्तेत जो निम्मा निम्मा वाटा धरतो, तो १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा. ती गोव्यात १८७० पासून लागू झाली. मुक्तीनंतर संसदेच्या १९६२ च्या कायद्याने जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले, म्हणून ती आज भारतीय कायदा म्हणून चालते. वारसाहक्काच्या भागाची जागा आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्याने घेतली आहे.

संविधानातला अनुच्छेद ४४ देशभर समान नागरी कायद्यासाठी प्रयत्न करावा, असे शासनाला सांगतो. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयातून बजावून घेता येत नाही. आणि आपला कायदाही पूर्ण समान नाही. हिंदूंच्या काही रूढींसाठी १८८० चा वेगळा हुकूम होता.

११. ३७१-आय मुळे गोव्याला विशेष दर्जा आहे ना?

त्या अनुच्छेदात एकच गोष्ट आहे: गोव्याच्या विधानसभेत किमान ३० सदस्य असतील. बस. जमिनीबद्दल त्यात एक अक्षरही नाही. अनुच्छेद १७० प्रमाणे राज्याच्या विधानसभेत किमान ६० सदस्य हवेत. एवढ्याशा गोव्याला ते शक्य नव्हते, म्हणून १९८७ च्या ५६ व्या दुरुस्तीने ही सूट दिली. आज सदस्य ४० आहेत.

नागालँडचा ३७१-ए आणि मिझोरामचा ३७१-जी यांचे प्रकरण वेगळे आहे. तिथे जमिनीची मालकी आणि हस्तांतर यांबाबत संसदेचा कायदा विधानसभेच्या ठरावाशिवाय लागू होत नाही. जमिनी वाचवण्यासाठी विशेष दर्जा मागणारे लोक असे काहीतरी मागत असतात. मागणीत तथ्य आहे असे मला वाटते, पण 'आपल्याकडे आहेच' या समजुतीने ती कमजोर होते.

१२. आमदार ४०, मग मंत्री १२ च का?

२००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या, मुख्यमंत्री धरून, सभागृहाच्या १५ टक्क्यांवर नसावी असे ठरवले. ४० चे १५ टक्के म्हणजे ६. पण त्यातच पुढे आहे की ही मर्यादा १२ च्या खाली जाणार नाही. लहान राज्यांसाठीची ही सूट गोव्याला लागते.

याच दुरुस्तीने पक्षांतरबंदीतून सुटायची, पक्षातल्या एक तृतीयांश 'फुटीची' पळवाट बंद केली. विलीनीकरणासाठी दोन तृतीयांशांची वाट मात्र दहाव्या परिशिष्टात उघडी राहिली. गोव्यात काँग्रेसचे २०१९ मध्ये १५ पैकी १० आणि २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार एकगठ्ठा पलीकडे गेले. हे आकडे दोन तृतीयांशांशी ताडून पाहा. मतदाराच्या कौलाची ही चेष्टा आहे, आणि ही वाट बुजवली पाहिजे असे मी प्रत्येक सभेत सांगतो.

१३. महाराष्ट्रात पंचायत समिती असते. आपल्याकडे तालुक्याला काहीच का नाही?

७३ व्या दुरुस्तीने पंचायतींचे तीन स्तर सांगितले, पण अनुच्छेद २४३-बी मध्ये २० लाखांहून कमी लोकसंख्येच्या राज्याला मधला स्तर गाळण्याची मुभा आहे. २०११ च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाखांच्या आसपास होतो. म्हणून गावची पंचायत, आणि वर थेट जिल्हा पंचायत. गांवकारी म्हणजे कोमुनिदाद, गावाची जमीन सामायिक राखणारी संस्था, याहून जुनी आणि वेगळी; तिची स्वतःची संहिता आहे, पंचायतीच्या कायद्याशी तिची गल्लत करू नये.

१४. गोव्याचे राज्यपद संसद काढून घेऊ शकते का?

अनुच्छेद ३ प्रमाणे नवे राज्य करणे, सीमा बदलणे, नाव बदलणे हे संसद साध्या बहुमताने करू शकते. ३० मे १९८७ ला आपण राज्य झालो तेही संसदेच्या पुनर्रचना कायद्याने. राज्याच्या विधानसभेचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नाही. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचे विधेयक फेटाळले, तरी तेलंगणा झाले.

आख्ख्या राज्याला केंद्रशासित करता येते का? २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचे तसे झाले. डिसेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लडाख वेगळा करणे ग्राह्य धरले. जम्मू-काश्मीरला राज्यपद परत देण्याची हमी सरकारने दिली होती, म्हणून बाकीच्या प्रश्नावर न्यायालयाने निर्णय दिला नाही. तो प्रश्न खुला आहे.

१५. बहुमत असेल तर पूर्ण संविधानच बदलता येईल का?

भारतात नाही. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांच्या पीठाने ७ विरुद्ध ६ मतांनी सांगितले की संसद संविधान दुरुस्त करू शकते, पण त्याची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. चौकटीत काय काय येते याची यादी पुस्तकात कुठेही नाही, ती निकालानिकालांतून तयार होत आली आहे.

काही देशांनी ती यादी आधीच लिहून ठेवली. हिटलरच्या अनुभवानंतर जर्मनीने १९४९ च्या मूलभूत कायद्यात अनुच्छेद ७९ (३) घातला. मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाही संघराज्य यांना दुरुस्तीनेही हात लावता येत नाही. सालाझारची राजवट उलथल्यावर आलेल्या पोर्तुगालच्या १९७६ च्या संविधानात अनुच्छेद २८८ त्याच कामाचा आहे. ज्या देशाने आठवा अनुच्छेद पोकळ केला (पहा प्रश्न ५), त्यानेच पुढे हे कुलूप घातले, म्हणून मला ते वाचताना भरून येते.

१६. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तर भारताचे मत राहते का?

नाही. अनुच्छेद ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यांनुसार आपणहून परदेशी नागरिकत्व घेतले की भारताचे संपते, आणि अनुच्छेद ३२६ प्रमाणे मत फक्त नागरिकाला. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. घोळ तिथून होतो. आजोबांची किंवा आपली जन्मनोंद लिस्बनला केली, पण पासपोर्ट घेतला नाही, अशांचा प्रश्न नाजूक आहे. त्यांनी सगळी कागदपत्रे घेऊन जाणत्या वकिलाला भेटावे, बाजारातल्या एजंटाच्या शब्दावर सही करू नये.

१७. वाचायचे आहे, पण पहिल्याच पानाला झोप येते. कुठून सुरू करू?

मराठी अनुवाद मिळतो, तो घ्या. उद्देशिका एकदा मोठ्याने वाचा: 'आम्ही, भारताचे लोक'. मग सरळ तिसऱ्या भागावर जा, अनुच्छेद १२ ते ३५. रोज दोनच. १९ व्या अनुच्छेदाला दोन दिवस द्या: आधी स्वातंत्र्ये वाचा, मग खालचे (२) ते (६) हे खंड, आणि प्रत्येक ठिकाणी 'वाजवी निर्बंध' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. त्यानंतर ३२ वा, जिथे थेट सर्वोच्च न्यायालयात जायचा हक्क आहे. पुढच्या ग्रामसभेआधी २४३ पासूनचा भाग वाचून ठेवा. सातवे परिशिष्ट शेवटी, आणि तेही पेपरातली एखादी बातमी समोर ठेवून.